पथ्य एकाचं, ताट सगळ्यांचं

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी स्टार काउंटी आहे. नदीपलीकडे मेक्सिको. इथले बहुतेक सगळे रहिवासी मेक्सिकन वंशाचे आणि मधुमेह घरोघरी. अमेरिकेत प्रौढ माणसाला आयुष्यात कधीतरी टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता ४० टक्के धरतात. लॅटिनोंमध्ये, म्हणजे मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांमध्ये, ती ५० टक्क्यांहून जास्त.

वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन ७ टक्क्यांनी घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, या मार्गानं गेलेल्यांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ८० किलोच्या माणसासाठी हे ७ टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो. यकृतात साठलेली चरबी उतरते आणि इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो.

पण हे साडेपाच किलो उतरवायचे कुठे? चुलीशेजारी फडक्यात गुंडाळलेले गरम तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, डुकराच्या चरबीत परतून घोटलेला राजम्यासारखा घेवडा, आणि आजीचा आग्रह. तिनं वाढलेलं परत करायचं म्हणजे तिचं मन मोडायचं. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून स्टार काउंटीतल्या २५६ मधुमेहींच्या अभ्यासात रुग्णाला एकट्याला बोलावलं नाही. नवरा, बायको, मुलगी, मैत्रीण, कुणीतरी सोबत आणायचं. वर्ग स्पॅनिशमध्ये, शिकवणाऱ्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञ त्यांच्यातल्याच. मला यातली सोबत फार मोलाची वाटते, कारण बरेचदा स्वयंपाक करणारा हात दुसऱ्याचाच असतो. मात्र सोबत म्हणजे पहारा नव्हे. ‘हे खाऊ नकोस, ते खाऊ नकोस’ असा सतत धोशा लावला, तर माणूस चोरून खायला लागतो. त्यापेक्षा सगळ्यांच्याच भांड्यातली चरबी कमी करावी, जेवणानंतर दोघांनी फिरायला निघावं.

सहा महिन्यांनी या गटाची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, वर्गात न आलेल्या गटापेक्षा १.४ अंकांनी कमी भरली. तरी ती १० च्या वरच होती. बहुतेकांसाठी उद्दिष्ट असतं ७ च्या खाली. रस्ता लांबचा होता, आणि आखणीही तशीच होती. वर्षभरातल्या ५२ तासांपैकी २४ तास शिकवण्याचे, उरलेले २८ एकमेकांना भेटून अडचणी बोलण्याचे.