खरा कोळसा, खरी वाफ: माणसे ओढणाऱ्या छोट्या इंजिनांची पार्श्वभूमी

रुळांमधले अंतर वीतभरही नाही, पण भट्टीत खरा कोळसा जळतो आहे, वाफ पिस्टन ढकलते आहे आणि मागच्या बुटक्या डब्यावर दोन्हीकडे पाय सोडून मोठी माणसे बसली आहेत. या इंजिनांना ‘लाइव्ह स्टीम’ म्हणतात. माथेरानची गाडी आपल्याला इवलीशी वाटते, पण तिच्याही रुळांमधले अंतर ६१० मिलिमीटर. इथे ते अंतर अडीच, साडेतीन, पाच किंवा सव्वासात इंच असते आणि इंजिनाचे मापही त्यावरूनच सांगतात. त्यातली बरीच इंजिने कारखान्यात नव्हे, घरामागच्या खोलीत एकेका माणसाने लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, घडवलेली असतात.

छोट्या रेल्वेची हौस इंग्लंडमधली, आणि सुरुवातीला ती श्रीमंतांचीच होती. सर आर्थर हेवूड यांनी १८७४ पासून डर्बीशरमधल्या आपल्या डफिल्ड बँक या घराच्या आवारात १५ इंची रेल्वे उभारली. शेतीवाडी आणि मोठ्या इस्टेटींना स्वस्त वाहतूक मिळावी, हा त्यांचा हेतू. नॉर्थहॅम्प्टनचे मॉडेल-उत्पादक बॅसेट-लोक यांनी हेन्री ग्रीनली या आरेखकाला हाताशी धरून १९०५ मध्ये ‘लिटल जायंट’ हे १५ इंची इंजिन काढले आणि ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवू लागले.

सामान्य माणसाची वाट वेगळी होती. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये हौशी कारागिरांसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी अशा कारागिरांची संस्थाही स्थापन झाली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी लेथ, असा हा वर्ग. पण त्यांच्या छोट्या इंजिनांत कोळसा क्वचितच जळे. बॉयलरखाली स्पिरिटच्या वाती पेटवायच्या आणि गाडी स्वतःचे डबे ओढत फिरताना पाहायची. एवढ्याशा भट्टीत कोळसा नीट पेटणार नाही आणि पेटला तरी माणूस ओढण्याइतकी वाफ धरणार नाही, असे जाणकारही मानत.

यात थोडे तथ्य होते. इंजिन प्रत्येक बाजूने निम्मे केले की पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो, पण आतल्या पाण्याचे आकारमान एक अष्टमांशावर येते. त्यामुळे लहान बॉयलर लवकर थंड होतो आणि पाण्याची पातळी बघता बघता उतरते. भट्टीतला गरम धूर बॉयलरच्या पाण्यातून नेणाऱ्या धूरनळ्यांची गोष्ट आणखी अवघड. मोठ्या इंजिनातली दोन इंची नळी सोळापट लहान केली तर ती तीन मिलिमीटरची होते आणि राखेने लगेच तुंबते.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच वाद ‘बॉयलरची लढाई’ म्हणून गाजला. एका बाजूला स्पिरिटवाली बॅसेट-लोक कंपनी, दुसऱ्या बाजूला ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे लिलियन ‘कर्ली’ लॉरेन्स. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत त्यांनी पूर्वी काम केले होते. टोपणनाव त्या रेल्वेच्याच आद्याक्षरांचे. त्यांनी बांधलेले ‘आयेशा’ हे अडीच इंची इंजिन कोळशावर चाले आणि मोठ्या माणसाला सहज ओढून नेई. युक्ती अशी, की नळ्या प्रमाणात लहान करायच्या नाहीत. संख्येने कमी पण रुंद पोकळीच्या ठेवायच्या. वाफेचे व्हॉल्व्ह मात्र खऱ्या इंजिनाइतक्याच काटेकोरपणे बसवायचे, म्हणजे वाफ पूर्ण प्रसरण पावून मगच बाहेर पडते. ‘आयेशा’ धावल्यावर वादात फारसे काही उरले नाही.

मला एलबीएससींचे याहून मोठे काम वाटते ते पुढचे. १९२४ पासून त्यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये अनेक दशके लिहिले. कोणता तुकडा आधी कापायचा, भोक कुठे पाडायचे, काय चुकू शकते, हे सगळे कधी लेथला हातही न लावलेल्या माणसाला कळेल अशा बोलीभाषेत. नवशिक्यांसाठी त्यांनी दिलेले ‘टिच’ हे साडेतीन इंची, चार चाकांचे इंजिन तर अगणित घरांत बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर मायफर्ड कंपनीचा एमएल७ हा छोटा लेथ आला आणि हौशी माणसाला परवडणारे यंत्रही मिळाले.

या सगळ्या कामात जीव जातो तो बॉयलरमध्ये. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. मग तो साच्यावर ठोकून कडा वळवायच्या. ठोकताना तांबे पुन्हा कडक होते, पुन्हा तापवायचे. पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडतात त्याच रीतीने. सांधे चांदीमिश्रित डाखाने जोडतात, कारण साधा डाख भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही. नवा बॉयलर आधी पाण्याने भरून, पंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन तपासतात. पाणी दाबले जात नाही, म्हणून सांधा फुटलाच तर फक्त गळतो. हीच चाचणी वाफेने केली आणि सांधा फुटला तर स्फोट होऊ शकतो. हौशी लोकांचे शिस्तीचे क्लब या चाचणीच्या दाखल्याशिवाय इंजिन रुळावर चढवू देत नाहीत.

अमेरिकेत या छंदाला सर्वात मोठे नाव दिले ते वॉल्ट डिस्ने यांनी. लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरामागे त्यांनी सव्वासात इंची रूळ टाकले आणि ७ मे १९५० रोजी ‘लिली बेल’ हे इंजिन तिथे धावू लागले. रचना स्टुडिओतल्या कारागिरांची, पण शेवटचा गार्डचा डबा डिस्ने यांनी बहुतांशी स्वतः बांधला. १९५३ मध्ये एका पाहुण्याच्या हातून गाडी वेगात वळणावर घसरली, फुटलेल्या जागेतून सुटलेल्या वाफेने एका लहान मुलीला भाजले आणि डिस्ने यांनी ती रेल्वे बंदच केली. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा त्याच्या भोवती वाफेची रेल्वे होतीच, फक्त आता बरीच मोठी.

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने थांबवली, पण क्लबच्या रुळांवरचा कोळसा विझला नाही. आता चौकटीचे पत्रे लेझरने कापून मिळतात, तयार बॉयलरही विकत घेता येतो, आणि जमिनीलगत टाकलेल्या सव्वासात इंची मार्गांवर लांबच लांब गाड्या धावतात. तरी ‘टिच’चे आराखडे घेऊन लेथसमोर उभी राहणारी माणसे आजही आहेतच.