डीएपी खताने आलेली हिरवाई स्फुरदाची नसते

‘उभ्या पिकात डीएपी फेका, आठवड्यात पीक काळंभोर होतं, ही स्फुरदाची ताकद!’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पीक हिरवं होतं हे खरं, आपण सगळ्यांनीच ते पाहिलंय. पण ते काम नत्राचं (नायट्रोजनचं), स्फुरदाचं (फॉस्फरसचं) नव्हे.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असतं, तसंच ९ किलो नत्रही. नत्र पाण्याबरोबर मुळांपर्यंत पोचतं. स्फुरद मात्र पडल्या जागेवरून जेमतेम हलतं. बारामती-इंदापूरकडच्या चुनखडीच्या रानात तर चुन्याशी बांधलंच जातं. म्हणून ते पेरतानाच, बियाण्याच्या जरा खाली द्यायचं. कोवळ्या मुळांना त्याची गरज तेव्हाच सगळ्यात जास्त असते.

पडताळा सोपा आहे. मक्याच्या दोन सरींना डीएपी फेका, शेजारच्या दोन सरींना तेवढंच नत्र युरियातून द्या. एक किलो डीएपीला साधारण ४०० ग्रॅम युरिया. दोन्हीकडे सारखीच हिरवाई आली, तर उत्तर तुमच्या बांधावरच मिळालं.

मक्याची खालची पानं जांभळट दिसली तर स्फुरद कमी असू शकतं. पण थंडीनेही तसा रंग येतो, तेव्हा माती तपासूनच ठरवा. उगाच जादा स्फुरद दिलं तर पिकाला जस्त कमी पडतं, आणि गोणीचे पैसे जातात ते वेगळेच.