अकरावी-बारावीच्या मुलांना वनशास्त्र शिकवायला जंगलात न्यायचंय? परवानगीचा अर्ज असा करा

मुलांना जंगल दाखवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अभयारण्यच येतं. वनशास्त्राच्या तासासाठी ही निवड बहुधा चुकते. व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन फाटकातून आत गेलात तर गाडीतून पाय खाली टाकता येत नाही. मग झाडाचा घेर मोजणार कसा? रोपवाटिका, विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं), कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा) हे सगळं बघायचं तर वन विभागाच्या प्रादेशिक विभागातलं साधं सागवानी जंगल गाठा. तिथली परवानगीही त्या मानाने सोपी.

अर्ज लिहायला घेण्याआधी जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते पक्कं करा. काही ठिकाणी रस्त्याच्या अलीकडे वन विभाग आणि पलीकडे वनविकास महामंडळ, अशी वाटणी असते. पाटी बघून अंदाज बांधू नका. बीटच्या, म्हणजे त्या गस्तीच्या हद्दीच्या, वनरक्षकाला कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) विचारा, त्याला तो तोंडपाठ असतो. अर्जात कक्ष क्रमांक आला की ‘नेमकं कुठे?’ या प्रश्नासाठी फाइल मागे येत नाही.

ताबा कळला की अर्ज कोणाच्या नावे करायचा तेही कळतं. राखीव वन असेल तर उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज आणि एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे, तेव्हा ‘ओळखीचे आहेत, तोंडी सांगितलंय’ यावर चाळीस मुलांची बस काढू नका. महामंडळाचं क्षेत्र असेल तर त्यांच्या विभागीय व्यवस्थापकांना लिहा.

अभयारण्यच हवं असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २८ लागू होतं. वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. अर्ज स्थानिक वन्यजीव विभागामार्फत वर जातो, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलाची गोष्ट वेगळी. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. अशा जंगलाच्या व्यवस्थापनाचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेकडे आला आहे, म्हणून तिथे आधी ग्रामसभेला पत्र द्या आणि तारीखही त्यांच्या सोयीची घ्या. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे गावाने बसून कसं ठरवलं ते मुलांनी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकावं. माझ्या मते वनव्यवस्थापनाचा तो सगळ्यात चांगला तास.

अर्ज संस्थेचा हवा: कनिष्ठ महाविद्यालयाचं लेटरहेड, जावक क्रमांक, प्राचार्यांची सही आणि शिक्का. शिक्षकाने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज सहसा परत येतो. सोबत मुलांची आणि शिक्षकांची यादी, ओळखपत्रांच्या प्रती, वाहनाचा क्रमांक, चालकाच्या परवान्याची प्रत आणि दिवसाचं वेळापत्रक जोडा. मुलं बहुतेक अठराच्या आतली, म्हणून प्रत्येकाच्या पालकांचं सहीचं संमतीपत्र घ्याच. हमीपत्रात आग न पेटवणं, प्लास्टिक न टाकणं, झाड न तोडणं, कर्मचाऱ्यांच्या सूचना पाळणं एवढं स्वच्छ लिहा. शिक्षण विभागाची सहलीची परवानगी वेगळी काढावी लागते. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकलेले बरे.

आता खरी गोम आहे ती ‘भेटीचा उद्देश’ या ओळीत. माझ्या पहिल्या अर्जात मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, ‘पाने व बियांचे नमुने गोळा करणे’. फाइल तीन आठवडे हलली नाही. जंगलातून काहीही बाहेर नेणं हा परवानगीचा वेगळाच विषय आहे. अभयारण्यात तर कलम २९ त्याच्या आड येतं. पुढच्या वर्षी तिथे ‘निरीक्षण व मोजणी’ असे तीनच शब्द लिहिले आणि पानांची चित्रं मुलांनी वहीतच काढली.

मोजणी काय करणार तेही चार ओळींत लिहा. उदाहरणार्थ, ३१.६२ मीटर बाजूचा चौरस आखू, म्हणजे ०.१ हेक्टर झालं. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर टेपने घेऊ, उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मोजू. छत्राची घनता, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी वरून किती जमीन झाकली आहे ते, अंदाजाने नोंदवू. असा मजकूर वाचला की समोरच्या अधिकाऱ्याला कळतं, ही पिकनिक नाही. आमच्या वेळी वनपाल स्वतः टेप घेऊन आले आणि १.३७ ची खूण छातीवर कुठे येते ते त्यांनी एकेका मुलाला उभं करून दाखवलं.

तारीख दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर यामधली मागा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. सगळे कर्मचारी त्यातच गुंतलेले असतात आणि वाळल्या पानांत मुलांचा घोळका कोणालाच नको असतो. पावसाळ्यात वाटाच बंद. अर्ज किमान महिनाभर आधी द्या आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

परवानगी हातात आली की निघण्याच्या दोन दिवस आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून मुलांचा नक्की आकडा कळवा. पत्राच्या दोन प्रती जवळ ठेवा, कारण एक नाक्यावरच ठेवून घेतात.