हाणामारीचे गेम: गुण आणि खोट एकाच मुळातून

हाणामारीच्या कुठल्याही नव्या गेमचं परीक्षण वाचायला घ्या, चार तक्रारी ठरलेल्या असतात. कॅमेरा ऐन वेळी दगा देतो. निम्म्यानंतर तेच ते शत्रू येत राहतात. डोळे मिटून बटणं बडवली तरी निभावून जातं. किंवा याच्या अगदी उलट, गेम इतका कठीण आहे की अन्याय वाटतो. यातली एकही तक्रार नवी नाही. चौघींचीही वयं वीस ते चाळीस वर्षांच्या घरात आहेत, आणि ज्या गोष्टीमुळे एखाद्या गेमची मारामारी लोकांनी डोक्यावर घेतली, तिच्याच पोटी बहुतेक वेळा तक्रारही जन्माला आली.

सुरुवात नाण्यापासून करावी लागते. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खिसे रिकामे केले त्यांना 'मुस्तफा' कोण हे सांगायला नको. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ च्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो, आणि भारतभरच्या पोरांनी गेमचंच नाव मुस्तफा करून टाकलं. एक जॉयस्टिक, दोन बटणं: एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की अंगावर आलेले सगळे उडून पडायचे, पण त्या फटक्यापायी आपलीच थोडी लाइफ कापली जायची. सुटकेला किंमत लावायची ही युक्ती साधी दिसते, पण हुशार आहे. चौघांनी घेरल्यावर आत्ता लाइफ देऊन सुटायचं की मार खात वाट काढायची, हा निर्णय खेळणाऱ्याला क्षणात घ्यावा लागतो, आणि चांगल्या मारामारीत असे निर्णय सतत घ्यावे लागतात.

पण हेही विसरता येत नाही की मशीन नाण्यावर चालायचं. खेळणारा फार वेळ टिकला तर पार्लरवाल्याचा धंदा बसणार. त्यामुळे मागून येणारा सुरेवाला, पडद्याबाहेरून धावत येणारा गडी, एका फटक्यात अर्धी लाइफ नेणारा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, ही सगळी मुद्दाम ठेवलेली माणसं होती. पुढे गेम घरात आले, नाणं गेलं, पण ही माणसं कितीतरी वर्षं तिथेच राहिली.

या घराण्याची पहिली ठळक नावं १९८४ ची. आयरेम कंपनीचा 'कुंग-फू मास्टर' आणि जॉर्डन मेकनर याने कॉलेजात असताना केलेला 'कराटेका'. नंतर टेक्नोसच्या योशिहिसा किशिमोतो याने स्वतःच्या शाळकरी भांडणांवरून १९८६ मध्ये कुनिओ-कुन हा गेम बेतला आणि पुढच्याच वर्षी 'डबल ड्रॅगन' आणला. दोघा मित्रांनी खांद्याला खांदा लावून गुंडांना लोळवायचं, ही कल्पना जगभर पसरली ती 'डबल ड्रॅगन'मुळे. आणि 'एकच डाव पुरतो' ही खोटही त्यातच पहिल्यांदा ठळकपणे दिसली. मागे फिरून मारायचा कोपराचा फटका इतका जबर होता की तो जमला की ठोसे, लाथा, झिंज्या धरून आपटणं, बाकी सगळं शोभेपुरतं उरायचं. खेळणारा नेहमी कमीत कमी कष्टाची वाट शोधतो. ती वाट कंटाळवाणी निघाली तर दोष त्याचा नाही.

१९८९ च्या 'फायनल फाइट'मध्ये कॅपकॉमने फटक्याला वजन दिलं. ठोसा बसला की मारणारा आणि मार खाणारा दोघेही सेकंदाच्या काही साठांश भागापुरते जागच्या जागी गोठतात. डोळ्याला थांबा असा जाणवत नाही, हाताला मात्र काहीतरी लागलं असं वाटतं. याला हिटस्टॉप म्हणतात. आजही एखाद्या गेमची मारामारी 'हवेत काठी फिरवल्यासारखी' वाटत असेल तर बहुधा हा थांबा नाहीतर त्याच्या जोडीचा आवाज गंडलेला असतो. चित्रं कितीही देखणी असोत, ही कसर त्याने भरून निघत नाही.

मग 'स्ट्रीट फायटर २', १९९१. त्यात मोटार फोडायचा एक बोनस टप्पा आहे. तो तपासताना निर्माता नोरिताका फुनामिझू याच्या लक्षात आलं की एका फटक्याची हालचाल पुरी व्हायच्या आत दुसरा फटका लावता येतो. मुळात ही चूक. इतक्या अचूक वेळेला बटण दाबणं कुणाला जमणार, म्हणून ती तशीच राहू दिली. लोकांना ती जमली, आणि कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फटक्यांची मालिका, हा प्रकार रुजला. हाणामारीच्या गेममध्ये खोली आली ती अशी. नवखा आणि मुरलेला यांच्यात न बुजणारी दरीही तेव्हाच पडली.

रक्तपाताचा वादही याच काळातला. 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९२ चा, त्यावरून अमेरिकन सिनेटमध्ये १९९३ मध्ये सुनावण्या झाल्या, आणि १९९४ मध्ये तिथे वयानुसार गेमना श्रेणी देणारं मंडळ उभं राहिलं. तो वाद महत्त्वाचा आहे, पण तो रक्ताबद्दल होता, खेळाबद्दल नाही.

खरी पंचाईत झाली ती गेम त्रिमितीत गेल्यावर. सपाट पडद्यावर शत्रू एक तर डावीकडे असतो नाहीतर उजवीकडे. त्रिमितीत तो पाठीमागे असतो, खांबाआड असतो, आणि मुख्य म्हणजे आपली तलवार त्याच्या दिशेने आहे की नाही हेच कळत नाही. 'ओकारिना ऑफ टाइम' करताना निन्तेन्दोच्या मंडळींना याचं उत्तर सापडलं ते क्योतोतल्या तोएई स्टुडिओच्या करमणूक बागेत. तिथे निंजांचा खेळ चालला होता. एकाने साखळीला बांधलेला कोयता फेकला, दुसऱ्याने साखळी हातावर झेलली, आणि दोघं त्या साखळीच्या टोकांना धरून एकमेकांभोवती फिरू लागले. १९९८ मध्ये गेम आला तेव्हा एक बटण दाबलं की नायक आणि शत्रू यांच्यात अशीच न दिसणारी साखळी बांधली जायची. त्याच खेळातून दुसरी गोष्टही उचलली गेली: घोळका असला तरी हल्ला एकानेच करायचा, बाकीच्यांनी ताटकळायचं. ही साखळी, म्हणजे लॉक-ऑन, आज जवळपास सगळीकडे आहे, आणि 'शत्रू रांगेत उभे राहून मार खातात' ही थट्टाही त्याच्यासोबतच आली आहे.

२००१ चा 'डेव्हिल मे क्राय' हा पुढचा वळणबिंदू. 'रेसिडेंट इव्हिल ४' म्हणून सुरू झालेलं हे काम हाताबाहेर वेगळं होत गेलं आणि दिग्दर्शक हिदेकी कामिया याने त्याचा वेगळाच गेम केला. कॅपकॉमच्याच 'ओनिमुशा'त एक चूक राहिली होती, शत्रूला फटका मारून हवेत उडवलं की त्याला तिथेच मारत राहता यायचं. कामियाला ती चूक आवडली. त्याच्या गेममध्ये नायक शत्रूला तलवारीने वर उडवतो आणि पिस्तुलांच्या फैरींनी हवेतच लटकत ठेवतो. शिवाय गेम मारामारीला गुण देतो. तोच तो फटका मारलात तर 'डल', डाव बदलत, मार न खाता लढलात तर चढत चढत 'स्टायलिश'. 'डबल ड्रॅगन'च्या कोपराला मिळालेलं हे पहिलं चांगलं उत्तर. कंटाळवाणी वाट बंद केली नाही, फक्त तिच्यावरून जाणाऱ्याला जरा लाज वाटेल अशी सोय केली.

पण कॅमेरा 'रेसिडेंट इव्हिल'च्या पठडीतलाच राहिला, भयपटासारखा कोपऱ्यातून बघणारा. ऐन मारामारीत दृश्य बदलायचं आणि डावीकडे धरलेली कंट्रोलरची काडी भलतीकडेच न्यायची. २००४ मध्ये तोमोनोबु इतागाकी याच्या 'निंजा गायडेन'ने यावर कडी केली. यातले शत्रू रांगेत थांबत नाहीत, आपला फटका अडवतात आणि कॅमेऱ्याबाहेरूनही बाण सोडतात. मारामारी म्हणून आजही माझ्या मते याला तोड नाही, आणि कॅमेरा म्हणून आजही माफी नाही. तो मनासारखा वळवायची सोय नंतरच्या सुधारणांत आली. २००५ च्या 'निंजा गायडेन ब्लॅक'मध्ये वारंवार मरणाऱ्यांसाठी सोपी पातळीही दिली, पण तिचं नाव 'निंजा डॉग', आणि ती निवडली की नायकाच्या दंडावर जांभळी रिबीन. सोय द्यायची आणि वर नाक मुरडायचं, हा खोडसाळपणा तेव्हा खपून गेला.

त्याच वर्षी 'गॉड ऑफ वॉर'ने उलट बाजू धरली. साखळीला बांधलेल्या दोन पात्यांचा पल्ला इतका मोठा की नेम चुकणं अवघड, कॅमेरा लांबून सगळं रिंगण दाखवणारा, आणि बॉस संपवताना पडद्यावर दिसेल ते बटण दाबायचं. बटणं बडवणाऱ्यालाही आपण देव मारतोय असं वाटावं, हाच उद्देश होता, आणि तो साधला. २००९ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम असायलम'ने ही दिशा टोकाला नेली. एक बटण मारायचं, एक परतवायचं, शत्रूच्या डोक्यावर खूण चमकली की दुसरं दाबायचं. बॅटमॅन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप झेपावतो. पहिले दोन तास अंगावर काटा येतो. आठव्या तासाला कळतं की आपण खुणा वाचतोय, माणसं नाही. नंतर ही पद्धत इतक्या गेमनी उचलली की कंटाळा मूळ गेमच्याही वाट्याला आला.

आणि त्याच २००९ मध्ये जपानात 'डेमन्स सोल्स' आला. हिदेताका मियाझाकी याच्या या गेममध्ये तलवार उगारली की उगारली, परत घेता येत नाही. प्रत्येक फटका दम खातो. अरुंद बोळात लांब तलवार भिंतीला अडकून टणकन मागे येते. 'डेव्हिल मे क्राय'चा नायक कुठलीही हालचाल मध्येच तोडून दुसरी करू शकतो; इथे बटण म्हणजे दिलेला शब्द. सोनीच्या शुहेई योशिदा यांनी तो सुरुवातीला थोडा खेळून बघितला आणि त्यांना तो अगदीच टाकाऊ वाटला; सोनीने तो जपान-आशियाबाहेर स्वतः काढलाच नाही, अमेरिकेत दुसऱ्या कंपनीने आणला. पुढे मियाझाकीच्याच 'डार्क सोल्स', 'सेकिरो', 'एल्डन रिंग' या गेमनी हीच पद्धत जगभर गाजवली.

इथून दोन घराणी स्पष्ट वेगळी झाली. एकात बटण मागे घेता येतं, दुसऱ्यात येत नाही. पहिल्यात सगळी मजा आपल्या हातांची: मी काय काय करू शकतो. दुसऱ्यात ती समोरच्याची: तो आता काय करणार. म्हणून पहिल्याची खोट अशी की शत्रू पुष्कळदा नुसती मारायची पोती होतात आणि नवखा तीनच डाव घोकून शेवट गाठतो. दुसऱ्याची खोट अशी की सगळं शत्रूच्या हालचालींच्या पाठांतरावर येतं. पाठांतर मोडायला 'एल्डन रिंग'मधला मार्गिट हा बॉस सोटा वर उचलतो आणि तो तसाच धरून ठेवतो. आपण घाबरून लोळण घेतो, ती संपते, आणि मग तो सोटा खाली येतो. पहिल्यांदा ही कारागिरी वाटते. शंभराव्या शत्रूनेही हेच केलं की ती युक्ती उरत नाही, खोड होते.

परीक्षणांचा घोळ होतो तो एका घराण्याचं माप दुसऱ्याला लावल्याने. 'सेकिरो' २०१९ मध्ये आल्यावर सोपी पातळी हवी की नको यावर जो धुरळा उडाला, त्यात हे सतत झालं. माझं मत विचाराल तर पातळी असावी, आणि दंडाला रिबीन नसावी.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा गेम या दोन घराण्यांच्या मधल्या वाटेवरचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम बाहेर पडला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमच्या गटात नामांकन मिळवून गेला. राजस्थानी आणि बाली वास्तूंवरून घेतलेले महाल, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून उलगडणारी भावाला शोधणाऱ्या राजीची गोष्ट, हातात त्रिशूळ. कौतुक मुख्यतः दृश्यांचं झालं, तक्रारी मारामारीच्या. कॅमेरा लांब ठेवला की महाल डोळ्यांत भरतो, पण राक्षसाचा खांदा कधी हलला ते दिसत नाही. राजी भिंतीवर चढते, खांबाभोवती गिरकी घेऊन घाव घालते, म्हणजे अंग पहिल्या घराण्याचं. पण घोळक्यात सापडली की दुसऱ्या घराण्यासारखं सबुरीने लढावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी खूण त्या अंतरावरून नीट मिळत नाही. 'गॉड ऑफ वॉर'च्या मंडळींनाही २०१८ मध्ये हाच प्रश्न उलट्या टोकाने पडला होता. त्यांनी कॅमेरा नायक क्रेटॉसच्या खांद्यामागे आणला, फटके विलक्षण जवळून दिसू लागले आणि पाठीमागचं काहीच दिसेना. मग पायाशी बाण काढले, हल्ला येत असेल तर लाल, काही फेकलं असेल तर जांभळा, शिवाय क्रेटॉसचा मुलगा ओरडून सावध करतो. तरी बॉस म्हणून पुन्हा पुन्हा तेच ट्रोल भेटतात, ही तक्रार त्यांनाही चुकली नाही. त्यांच्यामागे सोनीचा पैसा होता. पुण्याच्या छोट्या चमूला शत्रूची प्रत्येक नवी जात म्हणजे नवे सांगाडे, नव्या हालचाली आणि नवे महिने होते.