ब्लाउज खांद्यावरून का उतरतो? घरच्या बेतण्यामागचा इतिहास

घरी ब्लाउज शिवायला लागलेल्या बहुतेक जणींची पहिली तक्रार ठरलेली असते. छातीला बरोबर बसलाय, पण गळा खांद्यावरून उतरतोय. शिवणक्लासमध्ये सांगितलं तसं पेपर कटिंग केलेलं असतं, टीपही सरळ आलेली असते, तरी उतरतो. मग आपलाच हात कच्चा, असं वाटून पुष्कळ जणी मशीनवर कापड टाकून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा त्यांच्या हाताचा नसतोच. ज्या सूत्रावर त्या बेततात, ते सूत्रच मुळात युरोपातल्या शिंप्यांनी पुरुषांच्या कोटासाठी बसवलेलं होतं.

त्याआधी आपल्याकडे चोळी होती. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची, काठ बाहीच्या कडेला आणणारी. आजीची एक विरलेली चोळी मी एकदा पूर्ण उसवून पाहिली. तुकडे जवळजवळ सगळे सरळ कडांचे, गोलाई अगदी थोडी, आणि टक्स, म्हणजे कापडाला आकार देण्यासाठी शिवलेल्या चिमट्या, एकही नाही. पुढची दोन टोकं छातीखाली गाठ मारून बांधायची. बाळंतपणानंतर अंग भरलं की गाठ टोकाकडे मारायची, आजारपणात उतरलं की आत ओढून घ्यायची. म्हणजे फिटिंग शिवताना पक्कं होत नव्हतं, ते रोज सकाळी बांधताना व्हायचं.

हे बदललं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मुंबईच्या पारशी घरांतल्या बायका साडीवर शिवलेली, बाह्यांची, लेस लावलेली पोलकी घालू लागल्या होत्या. १८६४ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीवर मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी हा पारशी पेहराव इथेच पाहिला आणि त्यात आपले बदल करून तो बंगालात नेला. मराठी घरांत पोलकं आलं, मग झंपर, मग ब्लाउज. नावं बदलली तरी मोठा बदल एकच होता: गाठ गेली आणि तिथे बटणं, नंतर हुक आले. हुकाची जागा ठरलेली असते. त्यामुळे अंगाला किती घट्ट, किती सैल, हे कापडाला कात्री लावतानाच ठरवावं लागायला लागलं.

आणि ते ठरवायचं कशावरून? युरोपात साधारण १८०० पर्यंत शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वेगळी पट्टी ठेवत आणि तिच्यावर खाचा पाडून मापं नोंदवत. मग आकड्यांची टेप आली. अनेक गिऱ्हाइकांची मापं शेजारी ठेवून पाहता येऊ लागली, आणि शिंप्यांनी नियम बसवला की एक छातीचं माप घेतलं की बाकीची त्यावरून काढता येतात. हीच रीत पुढे बायकांच्या कपड्यांना लागली. आपल्या शिवणक्लासच्या वह्यांतलं ‘गळारुंदी म्हणजे छातीचा बारावा भाग’ हे त्याच घराण्यातलं.

आता हिशेब करून पाहा. छाती ३२ असेल तर बारावा भाग येतो जेमतेम पावणेतीन इंच. छाती ४० असेल तर सव्वातीनच्याही पुढे. कापड दुमडून बेतल्यामुळे हा फरक दोन्ही बाजूंना मिळून सव्वा इंचापेक्षा जास्त होतो. पण बाईची छाती भरली म्हणून मानेचं आणि खांद्याचं हाड तेवढं रुंद होत नाही. सूत्र मात्र तसं धरून चालतं, आणि गळा उतरतो.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये मापवार कागदी नमुने विकायला काढले, आणि घरी शिवणाऱ्या बाईची बेतण्याची धास्ती बरीच कमी झाली. पण नमुनाही मधल्या अंगाचाच. १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्याने सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली, तेव्हा एका छातीच्या मापावरून बाकीचं अंग सांगता येत नाही, हे आकड्यांनिशी दिसलं. आपल्याकडे निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने मुंबईसह सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं ते अगदी अलीकडे.

तोवर आपला नमुना म्हणजे ‘मापाचा ब्लाउज’. शिंप्याकडे जाताना पिशवीत घालून नेतो तो. त्याच्यात एक खोट असते: तो आपलं आजचं अंग सांगत नाही, तीन वर्षांपूर्वीचं सांगतो.

मशीनची गोष्ट तशी सगळ्यांना ठाऊक आहे. एलियस हाउचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. सिंगरने १८५६ पासून हप्त्याने मशीन द्यायला सुरुवात केली, म्हणून ते साध्या घरांत शिरलं. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरचं मशीन त्यातून वगळलं होतं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवासदनाने बायकांना शिवणकाम शिकवलं, आणि कितीतरी जणींच्या घरात स्वतःचा पैसा आला. १९३०च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन बनू लागलं. पण मशीनने शिवणं सोपं केलं, बेतणं नाही. उलट हातशिलाई चटकन उसवता यायची. मशीनची बारीक टीप उसवायची म्हणजे ब्लेड घेऊन तासभर बसणं.

म्हणून जुन्या शिवणाऱ्या बायकांनी आपला उपाय काढला, आणि त्याला नावही किती सुंदर दिलं: माया. शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. बगलेत दोन्हीकडे इंच-दीड इंच माया, म्हणजे ब्लाउज चार-पाच वर्षं अंगाबरोबर चालतो. गळ्याला मात्र माया कामी येत नाही, तो एकदा कापला की कापला. तिथे मापच बदलावं. टेप छातीच्या भरावावरून न फिरवता बगलेतून वरच्या बाजूने फिरवा. भरावावर ४० असेल आणि वर ३६, तर गळारुंदी ३६ वरून काढा: तीन इंच. खांद्याचं मापही थेट पाठीवरून घ्या, सूत्राने काढू नका. उरलेला चार इंचांचा भराव पुढच्या भागाला आणि त्याच्या टक्सना द्या. मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईजवळ, तिरकी चुणी पडली, तर तिचं टोक जिकडे रोखलेलं असेल तिथे कापड कमी पडतंय असं समजा.

आईचा एक जांभळा ब्लाउज मी गेल्या महिन्यात माझ्यासाठी करायला घेतला. बगलेतली टीप काढली तर आतल्या मायेवर सुईच्या भोकांच्या आणखी तीन रांगा होत्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. सगळ्यात आतली तिच्या लग्नाच्या वर्षाची. माझी टीप तिच्याच शेजारून गेली.