नाव बदललं म्हणून व्हिडिओ बदलत नाही

‘फाईलच्या नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहा, व्हिडिओ कन्व्हर्ट होतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (एमकेव्ही आणि एमपी४ हे व्हिडिओ फाईलचे दोन प्रकार.) तो पटणं साहजिक आहे, कारण अशी फाईल बरेचदा चालते. चालते ती मात्र प्लेअर नावाऐवजी आतले बाइट पाहतो म्हणून.

एमपी४ च्या पोटात एकामागे एक खोकी, म्हणजे माहितीचे तुकडे, असतात. प्रत्येकावर सहसा ४ बाइटमध्ये आकार, पुढच्या ४ मध्ये प्रकार. अनोळखी खोकं आलं की प्लेअर तेवढे बाइट ओलांडतो. नवी सोय जोडली तरी जुने प्लेअर सहसा अडत नाहीत ते यामुळेच. (झकास युक्ती!) एमकेव्हीची रचनाच वेगळी.

फाईल हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून पाहा. एमपी४ मध्ये बहुधा ५ ते ८ व्या बाइटवर रोमन लिपीत ‘एफटीवायपी’ (ftyp, पहिल्या खोक्याचा प्रकार) दिसेल, एमकेव्हीत सुरुवातीच्या काही बाइटांतच ‘मात्रोस्का’ (matroska, त्या रचनेचं नाव). नाव बदलून पुन्हा उघडा, अक्षरं तीच.