विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉइडच?

पावसाळा लागला की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: ‘रक्त तपासलं, टायफॉइड निघाला.’ ताप कालचा, रिपोर्ट विडालचा आणि अँटिबायोटिक आज संध्याकाळपासून!

विडाल ही १८९६ सालची चाचणी. काचेवर रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब घ्यायचा, त्यात टायफॉइडचे मारलेले जंतू मिसळायचे आणि काच हलकेच डोलवायची. थेंबात बारीक रवा पडल्यासारखं दिसलं, तर पॉझिटिव्ह. जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) जंतूंना एकमेकांना चिकटवतात, त्याचा तो रवा. पण ही प्रतिपिंडं आत्ताच्या तापातली, जुन्या आजारातली की लशीमुळे आलेली, हे त्या थेंबाला ठाऊक नसतं. शिवाय ती पुरेशी वाढायला साधारण आठवडा जातो.

आता माझा आवडता हिशेब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, ही चाचणी १०० टायफॉइडवाल्यांपैकी ७० जणांना पकडते आणि टायफॉइड नसलेल्या १०० जणांपैकी २० जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. तापाचे १००० रुग्ण आले, त्यांत खरा टायफॉइड ५० जणांना. खरे पॉझिटिव्ह ३५, खोटे १९०. म्हणजे सहा-सात पॉझिटिव्हमागे जेमतेम एक खरा!

हीच चाचणी निवडक रुग्णांवर करा: ताप आठ दिवसांचा, रोज थोडा चढता, मलेरिया-डेंग्यू नाही. यांतल्या निम्म्यांना टायफॉइड आहे असं धरलं, तर १००० मध्ये खरे पॉझिटिव्ह ३५०, खोटे १००. काच तीच, थेंब तोच; अर्थ मात्र पार बदलला. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांत धडधाकट माणसाच्या पन्नास तपासण्या होतात, तिथेही हाच हिशेब लागू पडतो आणि नसलेल्या आजारांची भीती घरी येते.

समोरच्या रुग्णाला तो आजार असण्याची शक्यता किती, हा अंदाज चाचणीआधीच बांधणं हे फिजिशियनचं खरं कसब. एमबीबीएसनंतर एमडी मेडिसिनची तीन वर्षं वॉर्डात जातात ती यासाठी. राउंडला निवासी डॉक्टर रिपोर्ट वाचू लागला की सर थांबवतात: तापाचा कितवा दिवस? थंडी वाजते का? जीभ कशी आहे? प्लीहा हाताला लागते का? त्यानंतर रिपोर्ट.

टायफॉइडचा दाट संशय असेल तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करावं, आणि रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी घ्यावं. नंतर जंतू वाढण्याची शक्यता घटते. दवाखान्यात जाताना तापाचे आकडे वेळेसह लिहिलेला कागद न्या. त्या कागदावरूनच डॉक्टरांचा अंदाज सुरू होतो.